तिसऱ्या गाण्यातला खर्ज

“ताई, ते तिसरं गाणं हाय का आज?”

साउंडचेक आटोपून मी बारपाशी पाणी प्यायला गेले होते. काउंटरमागचा मुलगा ग्लास पुसत होता, पुसता पुसताच त्याने विचारलं. मूळचा उदगीरकडचा, पुण्यात येऊन दोन वर्षं झालेली. त्या पबमध्ये आम्ही महिन्यातून दोन बुधवार वाजवतो, त्यामुळे ओळख होती ती एवढीच, की मी न मागता तो पाण्याची बाटली पुढे करायचा. गाण्यांबद्दल तो कधी बोलला नव्हता. मला फार बरं वाटलं. कार्यक्रम संपल्यावर लोक गाणारीशी बोलतात, गिटारवाल्याशी बोलतात, ड्रमवाल्याच्या पाठीवर थाप मारतात. बास, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, वाजवणारीकडे, म्हणजे माझ्याकडे, क्वचितच कुणी येतं. मी म्हटलं, “आहे की. आवडतं का तुला?” तो जरा गोंधळला. “तसं चांगलंच हाय. पण त्यात एका जागी ह्या फळीवरच्या बाटल्या वाजायला लागतात. मग मी धरून थांबतो. आधी माहीत असलं म्हणजे तेवढ्या वेळात ऑर्डर घेत नाही.”

त्याच्या मागे भिंतीला लागून काचेची लांब फळी होती, स्टीलच्या ब्रॅकेटांवर बसवलेली. तिच्यावर महागातल्या बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या. त्याने करून दाखवलं: डावा पंजा दोन बाटल्यांच्या मानांवर, उजवं कोपर फळीच्या कडेवर दाबलेलं, तोंड भिंतीकडे. म्हणजे आम्ही वाजवत असताना तो आमच्याकडे पाठ करून उभा राहत होता आणि मी स्टेजवरून त्या दिशेला शंभर वेळा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं. कधीपासून, असं विचारलं. “पहिल्यापासूनच. एकदा एक पडली ना खाली. तवापासून धरतो.” पडलेल्या बाटलीचे पैसे कुणी भरले, हेही मी विचारलं. त्यावर ‘जाऊ द्या ताई’ म्हणून त्याने दुसरा ग्लास पुसायला घेतला.

सहा महिने. महिन्यातून दोनदा.

त्या रात्री तिसरं गाणं आलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. गाण्याच्या मधे एक जागा आहे, तिथे सगळे थांबतात आणि आठ मात्रांची दोन आवर्तनं मी एकटीच खालचा जी (G) हा सूर धरून ठेवते. जाड तारेवरचा तिसरा पडदा. त्या जागेवर माझं फार प्रेम आहे. पायाखालची फळकुटं थरारतात, पोटात काहीतरी उतरल्यासारखं होतं, आणि मग ड्रमचा ठोका पडून सगळे पुन्हा आत येतात. त्या जागेच्या एक ओळ आधी तो मुलगा वळला. घड्याळात बघून वळावा तसा, अगदी वेळेवर. पंजा वर गेला. मी जी वाजवला खरा, पण हात आखडलेला होता. घरी जाताना स्कूटरवर, पाठीवर बास घेऊन, म्हात्रे पुलावरच्या गार वाऱ्यातसुद्धा कान तापलेले होते.

माझं लहानपण मिरजेत गेलं. सतारमेकर गल्लीतून शाळेचा रस्ता होता. दुकानांच्या पायऱ्यांवर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे रचलेले असायचे, लाखेचा आणि तासलेल्या लाकडाचा वास असायचा, आणि आतून कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत जवारी लावत, म्हणजे तारेत गुंजन आणत, बसलेलं असायचं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा मला पहिल्यांदा तो वासच आठवला. माझी आत्या तंबोऱ्यावर बसायची. गाणारी नव्हे, गाणाऱ्यांच्या मागे बसणारी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात गाणं असतं, तिथे चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र ती कुणाकुणाच्या मागे बसलेली मी पाहिली आहे. चार तारा. पहिली मधल्या बोटाने, मग जोडाच्या दोन आणि शेवटची पितळेची जाड, खर्जाची, या तिन्ही तर्जनीने. तार ओढायची नाही, बोटाच्या मांसल भागाने तिच्यावरून नुसतं उतरायचं. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, की एवढं सगळं तेच तेच वाजवून तुला कंटाळा येत नाही का. तिने उत्तर दिलं नाही. खर्जाच्या तारेवर हात ठेवून ती बंद केली आणि उरलेल्या तीन तारा छेडत राहिली. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. मग तिने हात काढला.

बास हातात घेतला तो पुण्यात, २००४ साली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या बँडला बासवाला मिळत नव्हता, वाद्य मात्र होतं. पहिल्यांदा अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडून ई ची, म्हणजे सगळ्यात जाड, उघडी तार वाजवली आणि मला आत्याची ती खोली आठवली. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की हे वाद्यच मुळी ऐकू न येण्याच्या त्रासातून जन्मलं. माणसाएवढा उंच उभा बास ढोल-कर्ण्यांच्या गलक्यात बुडून जायचा आणि गावोगाव न्यायला तर शिक्षाच. लिओ फेंडर यांनी १९५१ साली गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, पडदे असलेला विजेचा बास काढला, आणि पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नावही ‘प्रिसिजन’ ठेवलं. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बास वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताची एकटी तर्जनी वापरत, हे वाचलं तेव्हा मी उठून आरशासमोर गेले आणि आत्याच्या हाताची नक्कल करून पाहिली. तेच बोट. जेमरसन तारा तुटेपर्यंत बदलत नसत असंही सांगतात. त्यांच्या तारा गुळगुळीत वेढ्याच्या होत्या, जुन्या झाल्या की आणखी गोड होत जाणाऱ्या. आमच्या खरखरीत वेढ्याच्या तारांना पुण्याच्या पावसाळ्यात आणि पबमधल्या घामात तेवढं आयुष्य नसतं. प्रत्येक शोनंतर, स्टेजवरून उतरायच्या आधी, तारा वरून आणि खालून कोरड्या फडक्याने पुसायच्या. वरून सगळेच पुसतात, गंज खालून चढतो.

बासच्या ई ची उघडी तार सेकंदाला ४१ वेळा हलते. हवेत तिची एक लाट आठ मीटरांहून लांब. आपण ज्या पबमध्ये वाजवतो त्यांतले निम्मे रुंदीला तेवढे नसतात. या एका गोष्टीतून बासवाल्याची सगळी संकटं निघतात. गिटारचा सूर स्पीकरमधून निघतो आणि समोर जातो, तुम्ही त्याच्या वाटेत उभे असलात तर ऐकू येतो. खालचा सूर तसा जात नाही. तो खोलीभर भरतो, भिंतींवरून परततो, स्वतःलाच भेटतो. कुठे दुप्पट होतो, कुठे स्वतःला पुसून टाकतो. अँपपासून दोन हातांवर उभी राहून मला जे ऐकू येतं, त्याचा बारपाशी ऐकू येणाऱ्या आवाजाशी संबंध असेलच असं नाही. म्हणून साउंडचेकला लांब केबल न्यावी, सहा नाही, दहा मीटरची, आणि वाजवत वाजवत खोलीत फिरून यावं. हे मी नव्या मुलांना नेहमी सांगते. सांगते, आणि त्या पबमध्ये सहा महिन्यांत मी ड्रमपासून पहिल्या टेबलापर्यंतच गेले होते. शेवटपर्यंत चालत गेले असते तर पहिल्याच दिवशी फळी सापडली असती.

लहानपणी आमच्याकडे ट्रान्झिस्टर होता, तळहाताएवढ्या स्पीकरचा. त्यातून राहुलदेव बर्मन यांची गाणी यायची आणि त्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बास मी गुणगुणायची, बास म्हणजे काय हे माहीत नसताना. आता विचार केला तर हे विलक्षण आहे. तेवढ्याशा स्पीकरमधून ४०-५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, बाहेर येणं शक्यच नाही. येतात ते त्या सुराच्या वरचे स्वयंभू सूर, दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे, आणि त्यांच्यावरून खालचा मूळ सूर आपला मेंदू स्वतः भरून घेतो. तंबोऱ्यावर बसणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. न छेडलेला गंधार ऐकू येण्यात त्यांचा जन्म जातो. पण पबमधल्या बासवाल्याने ही गोष्ट कपाळावर लिहून ठेवावी. ऐकू येत नाही म्हणून आपण अँपवरचं ‘बास’ लिहिलेलं बटण फिरवतो, आणि त्याने ऐकू येणं वाढत नाही, फक्त घुमणं वाढतं. वाढवायचं ते मधलं बटण. पाचशे-सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास थोडं उचललं आणि तळाचं उलट कमी केलं, की एकेक सूर कोरल्यासारखा उठून दिसतो. घरी एकट्याने वाजवून पाहिलं तर हाच आवाज नाकातला, रुक्ष लागतो. घरचा आवाज घरी ठेवायचा. शिवाय साउंडचेकला खोली रिकामी असते. माणसं भरली, की त्यांचे कपडे आणि देह वरचे सूर पिऊन टाकतात, खालचे जवळजवळ तसेच राहतात. म्हणून सहा वाजता नेमका वाटलेला बास साडेनऊला गढूळ होतो. मी साउंडचेकला मुद्दाम थोडा कोरडा आवाज ठेवते. गिटारवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

आणि अँप कोपऱ्यात ठेवू नये. पबवाले नेहमी बासला कोपरा देतात, कारण बासवाले भांडत नाहीत. कोपरा म्हणजे तीन भिंती जमिनीसकट, तिथे खालचा सूर फुकटात फुगतो, आणि फुकटातला आवाज आवरता येत नाही. कोपऱ्यातून बाहेर ओढा, आणि शक्य तर जमिनीवरून उचला. बिअरचे रिकामे क्रेट प्रत्येक पबच्या मागच्या दाराशी असतात. दोन मागून घ्या, वर घडी घातलेलं पायपुसणं, त्यावर स्पीकरचं कॅबिनेट. फळकुटांचं पोकळ स्टेज ढोलासारखं वाजायचं थांबतं आणि स्पीकर घोट्याऐवजी कमरेशी येतो, म्हणजे आपल्यालाही ऐकू येतं, म्हणजे आपण आवाज वाढवत नाही.

सामानाबद्दल लोक विचारतात ते गिटार कोणती, अँप कोणता. पूर्वी ते बरोबरही होतं. १९६९मध्ये निघालेला अँपेग कंपनीचा तीनशे वॉटचा व्हॉल्व्हचा अँप आणि त्याखालचं आठ स्पीकरांचं कपाट म्हणजे दोन माणसं आणि टेम्पो. आता क्लास डी नावाच्या हलक्या बनावटीचा दोन-तीन किलोचा अँप दप्तरात मावतो, आणि बहुतेक रात्री तोही केवळ माझ्यासाठी असतो. लोकांना ऐकू जातं ते डीआय बॉक्समधून, म्हणजे बासचा आवाज थेट पुढे पाठवणाऱ्या डबीतून, साउंडवाल्याच्या मिक्सरमार्गे. त्यामुळे माझ्या मते आधी स्वतःचा चांगला डीआय घ्यावा आणि मग नवा बास. पबचा डीआय कुणी कसा आपटलाय सांगता येत नाही. बॅगेत बाकी काय, तर दोन केबल (तीन असल्या तर तिसरी दुसऱ्याच कुणाला तरी लागते), ट्यूनरचं पेडल, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तारांचा एक संच, ॲलन की, टॉर्च, कापडी चिकटपट्टी आणि लांब वायरचा स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड. बॅटरीचं एक लक्षात ठेवा: ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या, बासमध्ये केबल खोचली की ते सर्किट सुरू होतं. दोन सेटच्या मधे बास स्टँडवर केबलसकट उभा ठेवला तर बॅटरी जळतच असते. ती जाते तेव्हा एकदम जात नाही. आवाज आधी फाटका होतो, आणि आपण स्पीकरला दोष देत राहतो. महिना-दोन महिन्यांनी, गेलेली नसली तरी, बदलावी. काढलेली घरच्या भिंतीवरच्या घड्याळाला चालत नाही, ही एकच हळहळ.

ॲलन की, म्हणजे बासच्या मानेतली सळई फिरवायची षटकोनी चावी, पावसाळ्यासाठी. जूनमध्ये लाकूड ओल पितं, मान वाकते, तारा उंच होतात, आणि मुलं हाताला दोष देतात. पाव फेरा फिरवायचा, एक रात्र ठेवायचं, मग बघायचं. त्याहून जास्त एका वेळी नाही.

टेस्टरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ही गोष्ट जिवाशी आहे. तपकीर गल्लीत कुठेही मिळतो तो साधा टेस्टर माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात असतो आणि स्टेजवर चढल्यावर बास बाहेर काढायच्या आधी तो निघतो. अर्थिंग नसलेल्या प्लगवर अँप आणि अर्थिंग असलेल्या प्लगवर मिक्सर, असं असलं की तारांवर हात आणि माइकला ओठ लागताक्षणी मधलं अंतर तुमचं शरीर भरून काढतं. आमची गाणारी गिटारही वाजवते. एका लग्नाच्या लॉनवर तिचे ओठ माइकवर टेकले आणि ती मागे फेकली गेली, हे मी तीन फुटांवरून पाहिलंय. ती उठली, हसली, गायली. मी त्या रात्री नीट वाजवू शकले नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डावरून, आणि तो बोर्ड आमचा. गुणगुण येते म्हणून साउंडवाल्याने प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगितली तर स्पष्ट नाही म्हणायचं. गुणगुण घालवायला डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं, ते दाबायचं. आणि फ्रिज, एसी ज्या लाइनवर आहेत ती लाइन घ्यायची नाही. लाइट जाऊन जनरेटर सुरू होताना अँप बंद करायचा, आवाज कमी नव्हे, बंद.

विजेची ही गुणगुण आपल्याकडे ५० हर्ट्झची. माझा तो खालचा जी आहे ४९ चा. दोघांत एका कंपनाचं अंतर. हे मी इथे सांगते, कारण पुढे जे कळलं त्यात याचा संबंध आहे.

कान सांभाळा, हेही सांगायचं आहे, पण यावर मी शांतपणे बोलू शकत नाही. माझ्या उजव्या कानात, झांजेच्या बाजूच्या, एक बारीक शिट्टी कायमची आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, आणि १०० ला पंधरा मिनिटं उरतात. पबमध्ये ड्रमच्या शेजारी १०० म्हणजे काहीच नाही. पहिली आठ-दहा वर्षं मी कानात काही घातलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, वाजवल्याचा आनंद कमी होईल असं वाटायचं. आता रात्री दोनला घरी येऊन दिवा मालवला की ती शिट्टी सुरू होते आणि तंबोऱ्याची कॅसेट अगदी हळू लावल्याशिवाय झोप लागत नाही. वादकांसाठीचे बोळे मिळतात, सगळे सूर सारखेच कमी करणारे. घ्या. बासच्या आधी घ्या.

पुढच्या बुधवारी मी दुपारी चारलाच गेले. पब बंद होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या, फिनाइलचा वास, दिवसाच्या उजेडात सगळं केविलवाणं दिसतं ते. तो मुलगा लिंबं कापत होता. त्याला म्हटलं, थोडा वेळ मदत कर. त्याला बारपाशी उभं केलं आणि मी पहिल्या पडद्यापासून एकेक सूर वाजवत वर गेले. एफ, काही नाही. एफ शार्प, त्याने मान हलवली. जी. हात लगेच वर. जी शार्पला फळी अर्धवट कुजबुजली आणि ए ला गप्प. मग मी दहा मीटरची केबल लावून निघाले. स्टेजमागच्या भिंतीशी जी दणदणीत. दोन पावलं पुढे गेले तर ओसरायला लागला. पहिल्या टेबलांच्या पुढे पुन्हा भरला. आणि मिक्सरच्या टेबलापाशी पोचले तेव्हा तो जवळजवळ नाहीसाच झाला. बोट तारेवर, तार थरथरते आहे, आणि कानाला हवा रिकामी. तसंच पुढे बारपाशी गेले तर छातीवर हात ठेवल्यासारखा. आमचा साउंडवाला प्रामाणिक मनुष्य आहे. त्याला मी मागे एकदा विचारलंही होतं, तळ जास्त होतोय का, आणि तो म्हणाला होता, उलट कमी वाटतोय, थोडा देतो. त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं तर त्याचं बरोबर होतं. बारकडून येणारी किणकिण त्यालाही कधीतरी जाणवली होती, पण ती फ्रिजची, लाइनची असणार असं त्याने धरलं. पन्नास आणि एकोणपन्नास.

पावलांनी मोजलं तर स्टेजमागच्या भिंतीपासून बाटल्यांच्या भिंतीपर्यंत तेवीस फूट. सात मीटर. ४९ हर्ट्झची लाट बरोबर सात मीटरची. त्या दोन भिंतींच्या मधे माझा जी असा मापात बसला होता, की खोलीच त्याच्यासाठी बांधली असावी. भिंतींशी आणि मधोमध सगळ्यात मोठा, आणि दोन्ही बाजूंच्या पाव-पाव अंतरावर नाहीसा. अशाच एका नाहीशा जागी मिक्सर ठेवलेला होता.

तो मुलगा हे सगळं ऐकत होता. त्याला नवल वाटलं नाही. “आमच्याकडं वरातीत ढोल आला की शाळेचे पत्रे वाजायचे,” तो म्हणाला. “पण एकाच वर्गाचे. बाकीचे नाही.” त्याचे वडील हलगी वाजवतात. शेकोटीपाशी बसून हलगी शेकायची, बोटाने वाजवून बघायची, पुन्हा शेकायची, हे काम लहानपणी त्याच्याकडे असायचं. किती शेकली म्हणजे पुरे, हे कसं कळायचं, असं मी विचारलं. “हाताला कळतं की.” सहा महिने मी त्याच्याकडून पाण्याची बाटली घेत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

मग आम्ही काम केलं. अँप भिंतीपासून ओढून जवळजवळ पाच फूट पुढे आणला, त्यामुळे माझी उभी राहायची जागा गेली आणि मी ड्रमच्या पलीकडे गेले. साउंडवाला आल्यावर त्याला आधी बारपाशी नेऊन उभं केलं, मग त्याने बासच्या चॅनेलवर पन्नासच्या जागी एक अरुंद खाच पाडली, म्हणजे तेवढाच सूर कमी केला. अरुंदच, नाहीतर सगळा तळ जातो. आणि फळीसाठी मी सकाळीच बोहरी आळीतून रबराची बटणं आणली होती, दहा रुपयांना चार वगैरे. दोघांनी मिळून बाटल्या उतरवल्या, काच उचलली, प्रत्येक ब्रॅकेटवर बटण ठेवलं. बाटल्यांमध्ये बोटबोट अंतर सोडलं. त्यात दोन बाटल्या फळीवर मावेनात. त्या त्याने खालच्या कपाटात ठेवल्या आणि मॅनेजरला काय सांगायचं ते मी बघते म्हटलं. फुटलेल्या बाटलीचंही मी मॅनेजरशी बोलले. ते पैसे त्याच्या पगारातून गेले होते. परत मिळाले नाहीत. मी देऊ केले ते त्याने घेतले नाहीत, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चेहरा असा झाला की तिसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या रात्री गर्दी बरी होती. दोन गाणी झाली. तिसऱ्याला गाणारीने माझ्याकडे पाहून मान हलवली, मी डोळ्यांनी होकार दिला. ती जागा जवळ आली तशी मी बोट हलकं केलं. घाबरलं की हात ओढायला लागतो, आणि ओढलेल्या तारेला आवाज येतो पण सूर राहत नाही. सगळे थांबले. जी. पूर्वीइतका पायाखालून आला नाही, पण गोल होता, कडा असलेला. पलीकडे बारमागे तो वळलेला दिसला. पंजा दोन बाटल्यांच्या मानांवर, कोपर फळीच्या कडेला, तोंड भिंतीकडे. नेहमीसारखा. दोन आवर्तनं संपली, ड्रम आला, सगळे आत आले, तरी तो तसाच थोडा वेळ उभा होता.

शो संपल्यावर केबल गुंडाळून मी पाणी प्यायला गेले. अजून वाजतात का, असं विचारलं.

“नाही. गप हायत आता.”

“मग धरलंस कशाला?”

त्याने हात पुसला, पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास भरून सरकवला. “आवाज नाही येत,” तो म्हणाला, “पण हाताला येतंय अजून. सगळं गाणं येतं.”